पाताळपाण्याची सहल

धबधबा पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा एकाच दिशेस पाहतो. पाणी जेथे कोसळते तेथे त्याची दृष्टी खिळते. खालचा डोह, उडणारे तुषार, त्यांतून क्षणभर उमटणारे इंद्रधनुष्य, एवढ्यातच त्याचे मन रमून जाते. हे पाणी आले कोठून, हा प्रश्न त्याला क्वचितच पडतो. धबधब्याकडे पाठ करून वरच्या अंगाला पाहावे, ही गोष्ट गतवर्षीच्या एका कौटुंबिक सहलीत एक वृद्ध स्त्री आणि एक नऊ वर्षांची मुलगी यांच्याकडून आम्हांस शिकावयास मिळाली. ती हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांस आणि त्यांच्या घरच्या मंडळींस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा भूगोल सांगितला पाहिजे. आपण धारचे लोक पठारावर राहतो. परंतु पठारावर राहणाऱ्याला पठार कधी दिसत नाही. सपाट काळी शेते, त्यांत सोयाबीन किंवा गहू, मधूनच एखादी टेकडी, हेच त्याला सारे जग वाटते. आपण उंचावर आहो हे ध्यानात येते ते मांडवगडास गेल्यावर. रूपमतीच्या महालातून दक्षिणेस पाहिले की जमीन एकदम तुटते आणि खूप खाली निमाडचे मैदान पसरलेले दिसते. ती तुटलेली कड म्हणजेच विंध्य पर्वत. मालव्याच्या पठाराचा उतार मात्र या कडेपासून उत्तरेकडे आहे. म्हणून क्षिप्रा, चंबळ, काली सिंध या आपल्या नद्या नर्मदेकडे पाठ फिरवून उत्तरेस वाहत जातात, यमुनेस मिळतात आणि गंगेच्या संगतीने बंगालच्या उपसागरात पोचतात. महूजवळ ८५४ मीटर उंचीचा जानापावचा डोंगर आहे. चंबळेचा उगम तेथलाच. पण त्याच मुलखात पडलेले पाणी जर कडेच्या अलीकडे न पडता पलीकडे पडले, तर ते चोरल नदीवाटे नर्मदेस मिळते आणि अरबी समुद्राकडे जाते. एकाच मेघाचे दोन थेंब दोन निरनिराळ्या समुद्रांना जावेत, असा हा प्रदेश आहे. चोरल जेथे ही कड उतरते, तेथे तिने जी उडी घेतली आहे, तिलाच पाताळपाणी म्हणतात. ही उडी सुमारे ३०० फुटांची आहे असे सांगतात. खालच्या डोहाचा तळ पाताळास टेकला आहे, अशी लोकांची समजूत असल्याने हे नाव पडले.

आता आमच्या घराविषयी. आम्ही मूळचे गोव्याचे. अठराव्या शतकात पवारांबरोबर जी मराठी कुटुंबे धार आणि देवास येथे आली, त्यांतल्या एका घराण्याशी आमची सोयरीक झाली आणि त्या निमित्ताने आम्ही या गावी येऊन शिक्षकी पेशात स्थिरावलो. आमची कन्या येथेच जन्मली. तिची मराठी घरातली आणि शाळेतली, हिंदी रस्त्यावरची, आणि माळवी बाजारहाटीतली. कोंकणी मात्र तिला सुटीच्या चार दिवसांपुरती, एखाद्या पाहुण्यासारखी भेटलेली. गतवर्षी आमच्या मातोश्री गोव्यातील घराला कुलूप लावून आमच्याकडे राहावयास आल्या. वय पंच्याहत्तरीपलीकडचे, मराठी समजते, परंतु बोलावयाची सवय नाही.

पहिल्याच आठवड्यात एक प्रसंग घडला. दुपारी आजींना तहान लागली. नात जवळच खेळत होती. आजी म्हणाल्या, "बाये, उदक हाड." कोंकणीत 'हाड' म्हणजे 'आण'. पण आमच्या मराठी घरात 'हाड' हा शब्द अंगणात शिरलेल्या कुत्र्याला उद्देशून वापरला जातो! मुलीचा चेहरा पडला. 'उदक' हा शब्द तिला पाठ्यपुस्तकातील कठीण शब्दांच्या यादीतच काय तो ठाऊक होता. पाणी तर तिने आणलेच नाही, उलट आजी आपल्याला हाकलतात अशी तिची खात्री झाली. आम्ही अर्थ समजावून दिला, ती हसलीही; परंतु त्यानंतर ती आजींच्या खोलीत जाईनाशी झाली. पुन्हा काही कळले नाही तर काय, हा संकोच तिच्या मनात बसला. इकडे आजीही हळूहळू अबोल होत गेल्या. "दिवाळी जाली की हांव घरा वतां," म्हणजे दिवाळी झाली की मी घरी जाते, असे त्या दर दोन दिवसांनी म्हणू लागल्या. त्या घरात त्यांच्या सोबतीला कोणीही उरलेले नव्हते, हे त्यांना माहीत होते आणि आम्हांलाही.

श्रावण आला. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर असताना आजींनी एक नारळ आणावयास सांगितला आणि विचारले, "दर्या खंय?" धारमध्ये समुद्र कोठून दाखवावा? धारला तळी पुष्कळ. मुंज तलाव आहे, देवीसागर आहे. परंतु आजींचे म्हणणे असे की, तळ्यातले पाणी कोठे जात नाही. नारळ द्यावयाचा तो दर्याला. तेव्हा आम्ही कन्येला नकाशा आणावयास सांगितले. चोरल नदीवर बोट ठेवून आम्ही तिला विचारले, "हे पाणी पुढे कोठे जाते?" तिने बोट सरकवीत नेले: बडवाह्याजवळ नर्मदा, मग महेश्वर, मग भरूच, मग खंबायतचे आखात, मग अरबी समुद्र. तेथून बोट खाली आणले तो गोवा. आजी चष्मा लावून ते बोट पाहत होत्या. "म्हणजे आजीच्या समुद्राला आपले पाणी जाते," कन्या म्हणाली. आणि लगेच तिच्यातील विद्यार्थिनी जागी झाली. "पण आजी, वाटेत सरदार सरोवर आहे. तुझा नारळ तिथेच अडकेल." धार जिल्ह्यातील मुलाला सरदार सरोवर ठाऊक नसणे शक्यच नाही, त्या जलाशयाचा फुगवटा २०१९ साली आमच्याच जिल्ह्यातील निसरपूर आणि चिखल्दा या गावांत शिरला होता. आजी त्यावर काही बोलल्या नाहीत. सहल मात्र ठरली.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी राखी बांधण्याचा समारंभ उरकून आम्ही निघालो. धारहून महूस जाताना घाटाबिल्लोद येथे चंबळ ओलांडावी लागते. पुलावरून कन्येने आजींना सांगितले, "ही तुझी नव्हे. ही बंगालला जाते." पुढे पीथमपूरचे कारखाने लागले, मग महू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत झाला. महूपासून थोड्याच अंतरावर पाताळपाणी. वाटेत रेल्वेचा लहानसा रस्ता दिसतो, त्याचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. १८७० साली इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खंडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणण्यासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. ही गाडी पठारावर चढवावयाची म्हणजे हीच कड चढावयाची. म्हणून पाताळपाणी ते कालाकुंड या टप्प्यात दर ४० फुटांस एक फूट असा चढ घ्यावा लागला. या मीटरमापी टप्प्यावर २५ डिसेंबर २०१८ रोजी प्रवाशांना दऱ्या आणि बोगदे दाखविणारी वारसा गाडी सुरू झाली. इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूर येथे ज्यांना फाशी दिले त्या तंट्या भिल्लांचे स्थानही येथेच आहे. त्यांचा देह या रुळांजवळ आणून टाकला होता असे लोक सांगतात, आणि येथून जाणारी गाडी क्षणभर थांबून त्यांना मान देई, अशी परंपरा आहे.

धबधब्याचा घोष दुरूनच कानी येत होता. कठड्याजवळ पोचलो आणि सारे बोलणे थांबले. काळ्या पाषाणाच्या कपारीतून नदी पुढे येते आणि पायाखालची भूमी एकाएकी नाहीशी झाल्यासारखी खाली झेपावते. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला. आपल्या शेतांतील काळी मातीही त्याचीच झीज. घळीच्या भिंतींवर ते थर एखाद्या जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. आजींना दूधसागर आठवला. मांडवी नदीचा हा धबधबा चार टप्प्यांत ३१० मीटर उतरतो आणि त्याच्यासमोरून रेल्वेचा पूल जातो. "थंयय रेल, हांगाय रेल," त्या म्हणाल्या. तेथेही रेल्वे आणि येथेही. कन्येने हे वाक्य न विचारता समजून घेतले, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

कठड्याच्या वरच्या अंगाला, धबधब्याच्या थोडे मागे, नदीच्या पात्रात खडक उघडे होते. मनाई असतानाही पाच-सहा तरुण त्या खडकांवर उतरून पाय बुडवून बसले होते. ऊन पडले होते. आकाशात आमच्या डोक्यावर एकही काळा ढग नव्हता. सारेजण खालच्या डोहाकडे पाहत होते. एकट्या आजी धबधब्याकडे पाठ करून नदीकडे पाहत होत्या. एवढ्यात त्यांनी नातीचा हात घट्ट धरला. "उदक गडूळ जालां," त्या म्हणाल्या, आणि मग त्या तरुणांच्या दिशेने, इतक्या वर्षांत आम्ही कधी ऐकला नव्हता अशा स्वरात, ओरडल्या, "भायर सरात रे! भायर सरात!"

त्या मुलांना त्यातले अक्षर कळले नाही. एकाने हात हलवून हसूनही दाखविले. तेव्हा आमची कन्या कठड्याच्या दांडीवर पोट टेकून आपल्या सगळ्या बळानिशी ओरडली, "भैया, पानी बढ़ रहा है! बाहर आ जाओ!" तिच्या आवाजासरशी आमच्यापैकी दोघा-तिघांनीही हाका मारावयास सुरुवात केली. तरुण उठले. शेवटचा काठावर चढला तोवर मघाशी फिकट हिरवे असलेले पाणी तपकिरी झाले होते आणि त्याबरोबर पाने, काटक्या आणि एक मोडकी फांदी वाहत येत होती. पाव तासाच्या आत ते बसले होते ते खडक पाण्याखाली गेले. धबधब्याचा आवाज बदलला. मघाचा तो सळसळता नाद जाऊन पायाखालची जमीन थरारावी असा घुमारा सुरू झाला.

कोणाचे प्राण आम्ही वाचविले, असे म्हणावयाचे नाही; कदाचित त्यांचे त्यांनाच वेळेवर कळले असते. परंतु आजींना ते प्रथम कळले, हे खरे. कोकणातल्या नदीकाठी वाढलेली बाई. वर घाटात पाऊस पडला की खाली उन्हात वाहणारी नदी आधी तांबडी होते, मग वाढते, हे तिने बालपणापासून पाहिलेले. येथली माती काळी म्हणून रंग निराळा, पण खूण तीच. आणि ती खूण जिला सांगितली, तिनेच ती दुसऱ्या भाषेत पोचविली. आजींचे शब्द तिला कोणी समजावून द्यावे लागले नाहीत.

या ठिकाणी विद्यार्थिमित्रांना थोडे विस्ताराने सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. १७ जुलै २०११ रोजी याच पाताळपाण्याला सहलीस आलेल्या एका कुटुंबातील माणसे अशीच पात्राच्या मध्यावर अडकली. लोंढा वाढत गेला, काठावरचे लोक पाहत राहिले, आणि ती धबधब्यावरून खाली ओढली गेली. त्यांपैकी काहींचे प्राण गेले. हे होते कसे? पावसाळ्याच्या मध्यावर काळी माती पाणी पिऊन तृप्त झालेली असते आणि पाषाण तर पाणी पीतच नाही. त्यामुळे वरच्या रानात एक जोराची सर आली की ती जवळजवळ सारीच्या सारी ओहोळांतून नदीत उतरते. पाणलोट लहान, उतार तीव्र आणि पुढची घळ अरुंद. म्हणून पाणी इंचाइंचाने न वाढता एकदम चढते. पाऊस काही किलोमीटर दूर पडलेला असतो, म्हणून आपल्या डोक्यावरचे निरभ्र आकाश आपणांस फसविते. वेगाने धावणारे अर्धा फूट पाणीदेखील धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते. पाण्याचा रंग बदलणे, काडीकचरा वाहून येऊ लागणे, आवाज भरदार होणे आणि खडकावरची पाण्याची रेघ वर सरकणे, या चार खुणा ध्यानात ठेवाव्या. यांपैकी एकही दिसली तर चप्पल, डबा, मोबाईल यांचा मोह न धरता काठ गाठावा.

आणि हे केवळ पावसाचे आहे असे नव्हे. देवास जिल्ह्यात नर्मदेकाठी धाराजी येथे ७ एप्रिल २००५ रोजी अमावास्येच्या स्नानासाठी यात्रा भरली होती. चैत्राचे दिवस, पाऊस नाही, नदी शांत. वरच्या अंगाला असलेल्या इंदिरा सागर धरणाचे पाणी सुटले, ते रात्रीच्या सुमारास तेथे पोचले आणि साठाहून अधिक यात्रेकरू बुडाले. जवळच धावडी कुंडाचा प्रसिद्ध धबधबा होता. तेथील डोहातून लोक बाणलिंगे आणीत. पुढे ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात तोही बुडाला. आज तेथे सपाट पाणी आहे. खालच्या घाटावर जे घडते त्याचे कारण पुष्कळदा वरच्या अंगाला, दृष्टीआड असते. म्हणून नदीत पाय घालण्यापूर्वी तिच्या उगमाच्या दिशेस एकदा पाहिलेच पाहिजे.

त्या दिवशीचा नारळ अद्याप पिशवीत होता. कठड्यावरून तो खाली टाकण्यास आजींनी नकार दिला. तंट्या भिल्लांच्या स्थानापाशी त्यांनी तो दगडावर फोडला. बाजूने पावसाच्या पाण्याचा एक लहानसा ओहोळ नदीकडे धावत होता, आत जमलेले सारे पाणी त्यांनी त्या ओहोळात ओतले आणि नातीकडे वळून म्हणाल्या, "नाल्ल अडकतलो. उदक वतलें." नारळ अडकेल, पाणी जाईल. नकाशावर घेतलेल्या शंकेचे उत्तर असे दोन दिवसांनी मिळाले. खोबऱ्याचे तुकडे वाटण्यात आले. ते पाच-सहा तरुणही तेथे येऊन उभे होते, त्यांनाही मिळाले. त्यांतल्या एकाने आजींच्या पायांस हात लावला. आजींनी त्याला कोंकणीत बरेच काही सुनावले. "काय म्हणतात?" त्याने आमच्या मुलीला हिंदीत विचारले. "म्हणतात, घरी आई वाट पाहत असेल," तिने सांगितले. मूळ शब्द याहून पुष्कळ कडक होते. पण दुभाषाला थोडे स्वातंत्र्य असतेच.

दिवाळी होऊन गेली. आजींच्या गोव्याच्या प्रवासाची तारीख निघाली, मग ती शिमग्यापर्यंत पुढे ढकलली गेली आणि मग तिची वाच्यता कोणी केली नाही. कन्या आता दुपारी त्यांच्या खोलीत असते. तिच्या वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आहेत: एका बाजूस न्हंय, दर्यो, नाल्ल, पावस, दुसऱ्या बाजूस नदी, समुद्र, नारळ, पाऊस. 'हाड' या शब्दापुढे तिने दोन्ही अर्थ लिहिले असून कोणता अर्थ कोणाशी वापरावा याची सूचनाही केली आहे. शाळेत तिच्या वर्गात 'उदक' शब्दाचा अर्थ विचारला गेला तेव्हा तिने सांगितले की, हा कठीण शब्द नाही, आमच्या घरी रोज भरतात.

वाचकहो, पुष्कळांच्या घरी एखादी आजी किंवा आजोबा असे असतील की ज्यांची बोली नातवंडांपर्यंत पोचलेली नाही. मग ती माळवी असो, निमाडी असो, भिली असो, वऱ्हाडी असो की आमची कोंकणी. पुढच्या सहलीस त्यांना घरी राखणीला ठेवू नये. बरोबर न्यावे, आणि ती कोणत्या दिशेस पाहतात याकडे लक्ष द्यावे.

यंदा मांडवगडच्या काकडा खोहास जावे की पुन्हा पाताळपाण्यास, याविषयी आमच्या घरी सध्या वाद चालू आहे. वाद निम्मा कोंकणीत चालतो आणि आम्हांला त्यात फारसे कोणी विचारीत नाही.